नव्या पिस्तुलांची फिनिशिंग दिवसेंदिवस खालावायलीय का? लायसनवाल्यांनी अनुभव लिहा

डाळिंबबाग_मोहोळ

नमस्कार मंडळी. लिहिणं थोडं लांबणाराय पण महिनाभर मनात साचलंय म्हणून लिहितोच. आमची वस्ती गावापासून तीन किलोमीटर आत, शेजारी कुणी नाही, रात्रीची लाईट असली की मोटर चालू करायला एकट्यानं जावं लागतं, दोनदा वस्तीवर चोरटे येऊन गेले म्हणून लायसनचा अर्ज केला होता. पोलीस चौकशी, तहसील, कलेक्टर ऑफिस, सगळं रीतसर होऊन लायसन हातात आलं आणि गेल्या महिन्यात बत्तीस बोरचं नवं कोरं पिस्तूल घेतलं. कारखान्याचं आणि दुकानाचं नाव इथं टाकत नाही, विचारू पण नका.

दुकानात आनंदाच्या भरात नीट बघितलंच नाही, ही माझी चूक. घरी येऊन ट्यूबखाली धरलं तर स्लाईडच्या (वरचा मागं-पुढं सरकणारा भाग) उजव्या अंगाला आडव्या रेघाच रेघा, नांगरल्यासारख्या. स्लाईडचा रंग काळा आणि खालच्या फ्रेमचा रंग जांभळट. ग्रिपची एक पट्टी नीट बसलेली नाही, नख आत जातं. मॅगझीनच्या (काडतुसं भरायची पेटी) ओठाला बारीक धार राहिलीय, काडतूस भरलं की पितळावर ओरखडा उठतो. आणि सगळ्यात टोचलं ते म्हणजे पुढची साईट (नेम धरायची खूण), मागनं बघितलं की सरळ सरळ डावीकडं सरकलेली दिसते, बायकोला काही न सांगता दाखवलं तर ती पण म्हणाली हे वाकडं आहे.

किंमत सांगत बसत नाही, पण बहराचे निम्मे पैसे त्यात गेले, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल रिव्हॉल्वरवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झालाय. एवढं मोजून घेतलेल्या नव्या वस्तूची ही अवस्था असेल तर कारखान्यातून बाहेर पडताना ती कुणी हातात धरून बघितली की नाही हाच प्रश्न पडतो. फोटो टाकलेत, नंबरवर कागद चिकटवून. तुमच्याकडं पण असंच निघालं का? पूर्वी पण असंच असायचं की आताच व्हायलंय?

एक्का_सात_रस्ता

दादा अभिनंदन आधी. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हत्यार आहे ते, हळदीकुंकवाला मांडायचंय का? रेघा असोत नाहीतर रंग उडो, वेळेला चाललं म्हणजे झालं. मी १२ वर्षं वापरायलोय, माझ्यावर पण रेघा आहेत, एकदाही अडकलं नाही.

डाळिंबबाग_मोहोळ

एक्का भाऊ, राग नाही ओ. पण वेळेला चालेल की नाही हे मला कळणार कसं? मोबाईल घेतला तर दुकानात चालवून बघतो, ट्रॅक्टर घेतला तर दोन फेऱ्या मारून बघतो. पिस्तूल कुठं चालवून बघू? वस्तीवर हवेत बार काढला तर गुन्हा. माझ्यासारख्याच्या हातात बघायला फक्त डोळे आणि बोटं आहेत, आणि डोळ्याला जे दिसतंय ते हे असं आहे. जो बाहेरची साईट वाकडी सोडतो त्यानं आतलं बरोबर केलंय यावर मी विश्वास कशाच्या जोरावर ठेवू? आणि परत तरी कुठं करणार, हत्याराचा नंबर लायसनवर चढला की ते माझं झालं, बदलायचं म्हटलं तर पुन्हा अर्ज, पुन्हा परवानगी. साडीत डाग निघाला तर चाटी गल्लीतला दुकानदार उभ्या उभ्या बदलून देतो.

टर्नर_चिंचोळी

फोटो झूम करून बघितले. मी चिंचोळी एमायडीसीत सीएनसी आणि व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर २२ वर्षं काढलीत, गाडीचे पार्ट बनवतो, बंदुकीतला माणूस नाही, पण लोखंडावरची रेघ कशानं आली एवढं सांगू शकतो.

स्लाईडवरच्या आडव्या रेघा एकसारख्या अंतरावर आहेत, म्हणजे कटर पुढं सरकताना सोडलेल्या खुणा आहेत, त्या प्रत्येक मशीनवर येतातच. पण मागच्या बाजूला जी लाटेसारखी नक्षी दिसायलीय ती वेगळी. तो चॅटर आहे. इन्सर्टची, म्हणजे कटरला लावायच्या बदलत्या पात्याची धार गेलेली असताना तसाच पुढं रेटला, किंवा जॉब नीट क्लॅम्प झाला नाही, की टूल थरथरतं आणि अशा लाटा उमटतात. इन्सर्ट किती जॉबनंतर बदलायचा हे ठरलेलं असतं, पण महिनाअखेर आली, टार्गेट डोक्यावर आलं, की तोच इन्सर्ट दीडपट जॉब ओढतो. हे मी आमच्या शॉपमधे डोळ्यांनी बघितलंय आणि त्यावरनं सुपरवायझरशी भांडलोय पण.

आता तपासणीचं बघा. माप तपासायला गो नो-गो गेज असतं, गो बाजू गेली, नो-गो अडली, जॉब पास. गेजला साईज कळते, चॅटर कळत नाही. तो बघायला माणूस लागतो, चांगला उजेड लागतो आणि प्रत्येक नगामागं अर्धा मिनिट लागतो. खर्च कमी करायचा म्हटला की पहिल्यांदा हाच माणूस जातो. मशीन जात नाही, गेज जात नाही, शेवटच्या टेबलावर बसून फडक्यानं पुसून बघणारा जातो. मॅगझीनच्या ओठावरची धार म्हणजे बर, डीबरिंग करणाऱ्याचा हात तिथं फिरलाच नाही.

एक्का भाऊंचं एका बाबतीत बरोबर आहे, बाहेरच्या रेघेनं पिस्तूल बंद पडत नाही. पण बर कॉस्मेटिक नाही, काडतूस तिथनं घासून जातं. साईट पण कॉस्मेटिक नाही. या दोन गोष्टींवर अडून बसा.

एक्का_सात_रस्ता

बर आणि साईटचं मान्य. रेघांचं अजून मान्य नाही 🙂

देशमुखवाडा

आमच्याकडं वडिलांचं वेब्ली अँड स्कॉट रिव्हॉल्वर आहे, मार्क ४, बर्मिंगहॅमचं. आता ते माझ्या लायसनवर आहे. ऐंशीच्या दशकात बाहेरनं हत्यार आणणं सामान्य माणसाला बंद झालं, तेव्हापासून ही जुनी विलायती हत्यारं हातोहात फिरतात आणि किंमत ऐकून माणूस गप्प होतो. कानपूरचं सरकारी बत्तीस बोर रिव्हॉल्वर बांधणीनं या वेब्लीवरच बेतलेलं आहे, दोन्ही शेजारी ठेवली की चुलत भाऊ वाटतात.

पण "पूर्वीचं सगळं चांगलं" असं मी म्हणणार नाही. जे टिकलं तेच आपल्याला दिसतं. साठ वर्षांपूर्वी जी खराब निघाली ती केव्हाच भंगारात गेली, त्यांचा फोटो कोण टाकणार.

एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात वेब्लीला एवढी मागणी आली की पॉलिश करायला वेळच नव्हता, रेघा तशाच ठेवून माल जायला लागला. तेव्हा कंपनीनं काय केलं? रिव्हॉल्वरच्या अंगावरच इंग्रजीत "वॉर फिनिश" असा शिक्का मारला. शिक्का मारलेली ती हत्यारं आजही बघायला मिळतात. घेणाऱ्याला हातात घेतल्या घेतल्या कळायचं की ही रेघ युद्धामुळं आहे, आमच्या कामाची रीत ही नव्हे. मला त्या दोन शब्दांचं फार वाटतं. तुमच्या पिस्तुलावर असा शिक्का नाही, कसलं युद्ध पण चालू नाही, आणि बिलावर पूर्ण किंमत आहे.

डाळिंबबाग_मोहोळ

देशमुख काका, हे माहीत नव्हतं. दोनदा वाचलं.

पार्क_चौक_९९

दादा एवढं टेन्शन कशाला. माझ्या ओळखीचा लेथवाला आहे अक्कलकोट रोडला, एकदम कडक हात. बर आणि रेघा तासाभरात बफ करून देईल, साईट पण ठोकून सरळ करेल. नंबर व्यनि करू का?

टर्नर_चिंचोळी

नको. अजिबात नको. मी स्वतः लेथवाला आहे म्हणून सांगतोय. आर्म्स ॲक्टच्या कलम ५ खाली हत्यार दुरुस्त करायला पण लायसन लागतं, दुसऱ्याचं पिस्तूल लेथवर घेतलं की तो पोरगा आत आणि मालक पण आत. आणि बफिंगनं रेघा जातात तसं मटेरियल पण जातं, रंग तर जातोच. काम करायचं तर कारखान्यानं करावं नाहीतर लायसनवाल्या गनस्मिथनं.

पार्क_चौक_९९

सॉरी, हे माहीतच नव्हतं. सूचना मागं घेतो.

रंगशाळा

टर्नर साहेबांनी रेघांचं सांगितलं, रंगाचं मी सांगतो. आमचं तीन पिढ्यांचं डाईंग आहे, टॉवेल आणि चादरीचं सूत रंगवतो. जांभळट फ्रेमचा फोटो बघून जीव कळवळला, कारण हा आमच्या धंद्यातला रोजचा रोग आहे.

पिस्तुलाचा काळा रंग म्हणजे पेंट नव्हे. ब्ल्युइंग म्हणतात त्याला. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या पाण्यात, साधारण १४० डिग्रीच्या आसपास लोखंड बुडवतात आणि त्याच्याच अंगावर काळ्या ऑक्साईडचा पातळ थर धरतो. म्हणजे गंजाचाच भाऊ, पण सांभाळून आणलेला. आता स्लाईड एका जातीच्या स्टीलची आणि फ्रेम दुसऱ्या जातीची असेल तर एकाच टबात बुडवून पण शेड वेगळी येणार. ओतीव मटेरियलमधे सिलिकॉन जास्त असलं की जांभळट झाक येते असं जाणकार सांगतात, टबचं तापमान चुकलं तरी येते. आमच्याकडं दोन गिरण्यांचं सूत एका लॉटमधे मिसळलं तर तोच प्रकार, रंग एक, टब एक, वेळ एक, आणि चादर विणल्यावर पट्टा उठून दिसतो.

मग आम्ही काय करतो? आधी नमुना मारतो. जुळला नाही तर दोन्हीला वेगळी रेसिपी. तरी चुकलंच तर तो माल सेकंड म्हणून वेगळा लावतो, कमी भावानं विकतो आणि गिऱ्हाईकाला सांगून विकतो. सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला आहे, त्या नावाखाली पट्टा पडलेली चादर फर्स्टच्या भावानं दिली तर बाजारात तोंड दाखवता येत नाही. पिस्तुलात सेकंड हा प्रकारच दिसत नाही. सगळं फर्स्टच.

आणि एक, ब्ल्युइंग काही झाकत नाही. खाली जशी रेघ तशी वर. म्हणून पूर्वी रंगाच्या आधी पॉलिशला दिवस जायचे. अमेरिकेत कोल्टचं पायथन रिव्हॉल्वर १९५५ ला आलं ते हातानं केलेल्या पॉलिशसाठीच नावाजलं गेलं. २०२० ला कंपनीनं ते परत आणलं तेव्हा स्टेनलेसमधे आणलं, तो जुना निळा आरसा करणारे हात आता मिळणं अवघड. आता बहुतेक ठिकाणी बारीक मणी किंवा वाळू मारून मॅट करतात, त्यात रेघा बुजतात आणि खर्च वाचतो. त्याला पण माझी हरकत नाही, नीट केलं तर मॅट पण देखणं दिसतं.

दहा_मीटर

मी पोरींना एअर पिस्तूल शिकवते. बत्तीस बोरचा माझा अनुभव नाही पण साईटवर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पुढच्या आणि मागच्या साईटमधलं अंतर समजा १२५ मिलिमीटर आहे आणि पुढची साईट फक्त अर्धा मिलिमीटर सरकलीय. तर १० मीटरवर गोळी ४० मिलिमीटर बाजूला लागणार, आणि साईट डावीकडं असेल तर गोळी उजवीकडं जाणार. आमच्या १० मीटर एअर पिस्तूलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं, ४० मिलिमीटर म्हणजे काय ते त्यावरनं बघा. त्यामुळं साईट वाकडी आहे हे "दिसायला बरं दिसत नाही" या खात्यात कुणी टाकू नये. दादा, तुमचं बरोबर आहे आणि तुम्ही मागं हटू नका.

आमच्या खेळातली पिस्तुलं साईट फिरवता येणारी असतात म्हणून आम्ही वाचतो. पण इथं पण नवीन, स्वस्तातल्या पिस्तुलांत ग्रिपचं लाकूड खडबडीत, ट्रिगरच्या कडा टोचणाऱ्या असं मला दिसायलंय. चौदा वर्षांच्या पोरीच्या बोटाला रोज शंभर सव्वाशे शॉटला तीच कड लागते, मग ती नकळत ट्रिगर वाकडा ओढायला लागते आणि मी महिनाभर तिची चूक शोधत बसते. एकीच्या बाबतीत असंच झालं, शेवटी माझं स्वतःचं बोट ठेवून बघितलं तेव्हा कळलं. त्या पोरीला मी किती बोलले होते ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

आणि वस्तू भारीतली असली तरी भाग तुटू शकतो. टोकियोत २०२१ मधे मनू भाकरच्या पिस्तुलाचा लिव्हर ऐन पात्रता फेरीत तुटला, दुरुस्तीत वेळ गेला आणि फायनल हुकली. पुढं पॅरिसला २०२४ मधे त्याच प्रकारात तिनं ब्राँझ आणलं, पण टोकियोचे ते मिनिट परत मिळाले नाहीत.

गुप्ते_रेल्वेलाईन

चांगली चर्चा. थोडी दुसरी बाजू मांडतो. युद्धाच्या शेवटच्या वर्षांतली जर्मन पी-३८ पिस्तुलं बघा, रशियन टोकारेव्ह बघा, बाहेरनं इतकी ओबडधोबड की हातात घ्यावीशी वाटत नाहीत, पण चालायची. स्वस्त आणि भराभर बनवणं हा काही दर वेळी गुन्हा नसतो. आता ट्रिगर, हॅमरसारखे लहान भाग बऱ्याच ठिकाणी एमआयएमनं करतात, म्हणजे धातूची पावडर बाइंडरमधे मिसळून साच्यात भरायची आणि भट्टीत तापवून घट्ट करायची, तापवताना भाग १५ ते २० टक्के आकसतो तो हिशोब साच्यातच धरलेला असतो. त्यावर साच्याची शिवण दिसते म्हणून लोक नाक मुरडतात, पण नीट केलेला एमआयएमचा भाग वाईट नसतो. तेव्हा बघताच "क्वालिटी गेली" म्हणायच्या आधी कुठली खूण पद्धतीची आणि कुठली हलगर्जीपणाची हे वेगळं करायला पाहिजे.

टर्नर_चिंचोळी

गुप्ते सर, पटलं. साच्याची शिवण ही पद्धतीची खूण. चॅटर, बर आणि वाकडी साईट या हलगर्जीपणाच्या. एवढा फरक मी पण करतो.

देशमुखवाडा

खर्च कमी केल्याचं गिऱ्हाईक किती वर्षं लक्षात ठेवतं याचं एक उदाहरण. १९६४ ला विंचेस्टरनं त्यांच्या मॉडेल ७० रायफलचं बनवणं स्वस्त केलं, लाकडावरची हातानं कोरायची नक्षी दाबून काढायला लागले. साठ वर्षं झाली, अजून लोक "चौसष्टच्या आधीची आहे का" विचारून जास्त पैसे मोजतात.

होटगी_रोड_७

सगळ्यांचं वाचलं, माझं दुखणं वेगळं पण जवळचंच. २०२४ मधे दोन निवडणुका, ७ मे ला लोकसभेचं मतदान आणि नोव्हेंबरात विधानसभा, दोन्ही वेळेला हत्यार जमा करावं लागलं. नियम आहे, तक्रार नाही. पण पहिल्यांदा परत मिळालं तेव्हा बॅरलच्या टोकाला आणि स्लाईडच्या खाचांत तांबूस ठिपके. मला वाटलं ठेवण्यात हयगय झाली. पण माझ्याच शेजारच्या मित्राचं जुनं रिव्हॉल्वर त्याच खोलीत तेवढेच दिवस होतं, त्याला काही नाही. मग लक्षात आलं, माझ्यावरचा रंगच पातळ. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३-४४ ला जातो, जमा करायला जाताना घामाच्या हातानं धरलेलं, तेल न लावता दिलेलं, आणि थर कमजोर. आता जमा करायच्या आधी रिकामं करून पुसून तेलाचा हात देतो आणि पावतीवर "गंज नाही" असं लिहून मागतो. एका ठिकाणी लिहून दिलं, एका ठिकाणी नाही दिलं.

रंगशाळा

होटगी रोड, तुमचा अंदाज बरोबर वाटतो. ब्ल्युइंग मुळात तेल धरून ठेवणारा थर आहे, नुसत्या त्याच्या भरवशावर गंज थांबत नाही. पातळ थर असेल तर तेल पण कमी धरतो.

एक्का_सात_रस्ता

बरं मंडळी, मी काल रात्री माझं काढून भिंग लावून बघितलं. बारा वर्षं "चालतंय की" म्हणत होतो. पुढची साईट किंचित डावीकडंच आहे. रेंजवर एकदा सहा राऊंड मारले होते, सगळे उजवीकडं गेले होते, मी समजलो माझाच हात कच्चा. दहा मीटर ताईंचं वाचल्यावर डोक्यात लख्ख झालं. मोहोळकर, तुम्हाला पहिल्याच प्रतिसादात जे बोललो ते मागं घेतो.

डाळिंबबाग_मोहोळ

एक्का भाऊ, तुमच्यामुळंच मला नीट मांडता आलं, तसं काही मनात ठेवू नका.

अपडेट देतो, सहा आठवडे झाले म्हणून. टर्नर साहेबांच्या सांगण्यावरनं तक्रारीचं पत्र लिहिताना रेघा आणि रंग मागं ठेवले, वर फक्त दोन मुद्दे, साईट आणि मॅगझीन. साईट किती सरकलीय ते दुकानदारानं त्याच्याच टेबलावर व्हर्नियरनं मोजलं, पाऊण मिलिमीटर निघाली. ताईंचा हिशोब तसाच्या तसा पत्रात लिहिला, १० मीटरवर ६० मिलिमीटर. दुकानदार आधी म्हणत होता "साहेब सगळ्यांचं असंच येतंय", पण तो आकडा बघून तो पण गप्प झाला आणि स्वतःच्या लेटरहेडवर पुढं पाठवलं, हे त्याचं चांगलं. पिस्तूल त्याच्याकडं रीतसर नोंद करून ठेवलं, पावती घेतली.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. साईट नीट बसवून मिळाली, दुकानात माझ्यासमोर पुन्हा मोजली, आता मधोमध आहे. मॅगझीन दोन्ही बदलून दिली, नव्यांच्या ओठावरनं बोट फिरवलं, गुळगुळीत. ग्रिपची पट्टी पण बदलली. रेघा आणि रंगाबद्दल एकच ओळ, "वापरावर परिणाम होत नाही". सही आहे पण सहीखाली नाव नाही.

जांभळी फ्रेम तशीच राहणार. रोज रात्री बघतो तेव्हा डोळ्याला खटकतेच, सवय होईल असं बायको म्हणते, मला नाही वाटत. देशमुख काकांचा तो शिक्का आठवतो. दोन शब्द कोरून दिले असते तरी मी समजून घेतलं असतं.

बार्शी_नवीन

मी सगळं पहिल्यापासून वाचलं. माझं लायसन मागच्या आठवड्यात झालंय आणि सोमवारी दुकानात चाललोय. नंबर चढायच्या आधीच बघायचं एवढं कळलं. काय काय बघू ते सांगाल का?

टर्नर_चिंचोळी

आधी दुकानदाराला ते रिकामं आहे हे तुमच्यासमोर दाखवायला सांगा. मग मागनं दोन्ही साईट बघा, घाई करू नका. मॅगझीनचे ओठ, बोटानं. स्लाईड मागं ओढून सोडायला सांगा, कुठं अडखळते का. बॅरलच्या तोंडाची कड भिंगातनं बघा, तिथं एकही टवका नको, बाहेरची रेघ एकवेळ चालेल पण ही कड नाही. दोन-तीन नग असतील तर तिन्ही शेजारी ठेवून मागा, फरक लगेच कळतो. दुकानदार कंटाळला तरी कंटाळू द्या.

बार्शी_नवीन

आभारी आहे. आणि रंग? दुकानात पिवळा बल्ब आहे, तिथं कळेल का?

रंगशाळा

पिवळ्या बल्बखाली जांभळं पण काळंच दिसतं. ट्यूबवर पण फसगत होते. आम्ही शेड उत्तरेच्या खिडकीत बघतो, थेट ऊन नको. दुकानदाराला सांगा आतल्या आतच खिडकीजवळच्या उजेडात धरून दाखव म्हणून, सकाळी अकराच्या आत जा.

बार्शी_नवीन

पहिल्या एस्टीनं निघतो.